तुम्ही विचारलंत म्हणून : यान एकाच रंगाचं, मग रंगवायला एवढा वेळ का?

घरी येणारे बहुतेक जण टेबलावरचं 'स्टार ट्रेक' या अवकाशकथा-मालिकेतलं एन्टरप्राइझ यान पाहून हेच विचारतात. 1:350 प्रमाणातलं मॉडेल, 32 इंचांहून थोडं जास्त लांब. दिसायला सगळं फिकट राखाडी. स्प्रेचा एक हात मारला की झालं, असं कुणालाही वाटेल.

पण एकच हात मारला तर ते बत्तीस इंचांचंच दिसतं. कथेतलं यान 947 फूट लांब आहे. दौलताबादचा चांद मिनार सुमारे 210 फुटांचा. तसे साडेचार मिनार ओळीने आडवे ठेवा, तेवढं. या प्रमाणात माणूस पुरता पाच मिलिमीटरचाही भरत नाही. वेरूळच्या कैलास लेण्याकडे वरच्या कड्यावरून पाहताना खाली अंगणात कुणी चालताना दिसलं, की मगच त्या दगडाची उंची डोळ्यांत भरते. मॉडेलवर असा चालणारा माणूस नसतो. ते काम खिडक्या, अक्षरं आणि रंगाच्या छटांनाच करावं लागतं.

म्हणून अस्तराचा हात वाळला की मी मूळ राखाडीत कुठे थेंबभर पांढरा, कुठे निळसर मिसळून पत्र्यांचे चौकोन मास्किंग टेपने वेगळे काढतो. फरक इतका कमी ठेवायचा, की समोरून दिसू नये आणि दिवा हलवला की दिसावा. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि तो गेलाच पाहिजे.

रेषांबद्दल माझं मत ठाम आहे. पत्र्यांच्या सांध्यांत काळा रंग भरून ते उठावदार करायची पद्धत रणगाड्याला शोभते, इथे नाही. 0.2 मिलिमीटरची रेघ 350 पट केली तर सात सेंटिमीटरची फट होते. अशा फटी अंगभर घेऊन कुठलं यान अवकाशात जाईल? चित्रीकरणासाठी 1964 मध्ये केलेलं अकरा फुटी मॉडेल आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयात आहे. त्याच्या तबकडीवरच्या, म्हणजे यानाच्या पुढच्या गोल, चपट्या भागावरच्या रेषा चक्क पेन्सिलीने ओढलेल्या आहेत. 2016 मध्ये त्याची डागडुजी झाली, तेव्हाही तबकडीच्या वरच्या बाजूचा जुना रंग जपला गेला. मीही टोकदार, कठीण पेन्सिलच वापरतो आणि वरून मॅट वार्निशचा पातळ हात देतो.

आत दिवे बसवायचे असतील तर बाहेरच्या रंगाआधी आतून काळा आणि त्यावर पांढरा हात हवाच. नाही तर खिडक्यांऐवजी सगळं प्लॅस्टिकच उजळतं.

उरलेला वेळ आपली हवा घेते. मे महिन्यात पारा बेचाळिशीला टेकला की एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या पिचकारीतून, उडालेला रंग पृष्ठभागावर पोचण्याआधीच वाळतो आणि हाताला रव्यासारखा खरखरीत लागतो. रिटार्डर (रंग वाळणं लांबवणारं द्रव्य) घालून, जवळून, भल्या पहाटे मारला तर थोडं जमतं. श्रावणात उलटं: दमट हवेत लॅकर (झटपट वाळणारा चकचकीत रंग) दुधाळ होतो. एवढ्या मोठ्या सपाट तबकडीवर यातलं काहीच लपत नाही. त्यामुळे ती मी दिवाळीनंतर घेतो. तेव्हा हवा कोरडी, ऊन सौम्य, आणि सकाळभर एअरब्रशचं टोक तुंबत नाही.