फ्रान्सच्या गावरस्त्यांवर पहिल्यांदा गाडी चालवणार असाल तर

पहिल्या खेपेला बहुतेकांचा बेत पॅरिसला सुरू होतो, नीसला संपतो आणि मध्ये आठ दिवसांत सहा हॉटेलं असतात. रोज सकाळी बॅगा भरायच्या, संध्याकाळी पार्किंग शोधायचं. यात निवांतपणा कुठून येणार? त्यापेक्षा एकच प्रदेश धरा आणि दोनच मुक्काम करा. पहिल्या वेळेला नैऋत्य फ्रान्समधलं दोर्दोन्य आणि त्याला लागून असलेलं लॉतचं खोरं चांगलं. चार रात्री सार्लाच्या आसपास, तीन रात्री रोकामादूर किंवा साँ-सिर्क-लापोपीकडे.

गाडी पॅरिसमध्ये घेऊ नका. तिथल्या मोंपार्नास स्टेशनहून वेगवान रेल्वेनं या भागाच्या पश्चिमेला असलेल्या बोर्दो शहराला दोन तासांच्या थोडं वर लागतं. रात्र तिथेच काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर, ऑफिसची गर्दी ओसरल्यावर, स्टेशनवरून गाडी घ्या. लांबच्या विमानप्रवासानंतर झोप अपुरी असताना रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायला शिकणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

आरक्षण करताना गिअरचं नीट बघा. स्वस्त गाड्या बहुधा मॅन्युअल असतात आणि गिअर उजव्या हाताला येतो. ऑटोमॅटिक हवी असेल तर जास्त पैसे मोजून लवकर बुक करावी लागते. गाडी लहानच घ्या, कारण जुन्या गावांतल्या गल्ल्या आरसे मिटून जावं लागेल इतक्या अरुंद असतात. मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या देशातूनच काढून न्यायचा. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं, आणि त्यावर चांगली मोठी रक्कम अडकते. नेमकं इथंच लोक काउंटरवर अडतात. मूळ विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ बहुतेक वेळा धरलेला नसतो. पहिल्या दोन दिवसांत उजवी चाकं फुटपाथच्या कडेला हमखास घासतात, कारण आपण डावीकडे बसलेलो असतो आणि उजव्या बाजूचा अंदाज येत नाही. चमकणारं पिवळं सुरक्षा जॅकेट आणि गाडी बंद पडल्यास रस्त्यावर ठेवायचा इशाऱ्याचा त्रिकोण गाडीत असणं सक्तीचं आहे. जॅकेट डिकीत नको, हाताशी हवं, कारण बंद पडलेल्या गाडीतून उतरण्याआधीच ते घालायचं असतं.

उजव्या बाजूनं चालवणं रहदारीत सोपं जातं, पुढच्या गाडीच्या मागे जात राहायचं. घात होतो तो रिकाम्या रस्त्यावर: सकाळी पार्किंगमधून किंवा पेट्रोल पंपावरून डावीकडे वळून बाहेर पडताना. शेजारी बसणाऱ्यानं प्रत्येक वळणावर ‘उजवीकडे’ असं मोठ्यानं म्हणायचं, हे आधीच ठरवून टाका.

नियमांपैकी दोन पाठच करा. पहिला, उजवीकडून येणाऱ्याचा मान. चौकात कोणतीही खूण नसेल तर उजव्या बाजूच्या गल्लीतून येणारी गाडी, मग ती कितीही किरकोळ दिसो, आधी जाणार. पिवळा चौकोन कोनावर उभा केलेली पाटी दिसली की मुख्य रस्त्याचा मान तुमचा. तीच पाटी तिरकी रेघ मारलेली दिसली की मान संपला. गोल चौकात घड्याळाच्या उलट दिशेनं फिरायचं आणि तोंडाशी उलटा त्रिकोण असेल तर आत फिरणाऱ्यांना, म्हणजे डावीकडून येणाऱ्यांना, जाऊ द्यायचं. फाटा चुकला तर बिनधास्त आणखी एक फेरी मारा.

दुसरा नियम वेगाचा. दुपदरी गावरस्त्यांवर २०१८ पासून ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर पुन्हा ९० केली, तिथे तशी पाटी असते. मोटरवेवर १३०, पावसात ११०. पण गावाच्या नावाची लाल कडेची पाटी हीच ५० ची पाटी असते, वेगळा आकडा लिहिलेला नसतो. नावावर रेघ मारलेली पाटी येईपर्यंत ५०. फोन हातात धरायचा नाही, कानात इअरफोनही चालत नाहीत.

त्यामुळे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. सरासरी ताशी ५० धरा. सार्ला ते रोकामादूर पन्नासेक किलोमीटर, म्हणजे चांगला तासभर, आणि मध्ये थांबावंसं वाटतंच. दिवसाला १२० किलोमीटरच्या वर बेत करू नका.

खरं वेळापत्रक दुपारच्या जेवणाभोवती बांधायचं. गावातली दुकानं, टपाल कचेरी, कधी गाडी भाड्यानं देणारं ऑफिससुद्धा, बारा ते दोन बंद. हॉटेलात जेवण याच दोन तासांत मिळतं. अडीचला पोचलात तर स्वयंपाकघर आवरलेलं असतं. रविवार संध्याकाळ आणि सोमवार तर उपासाचेच. या भागातला स्वयंपाक बदक आणि हंसाच्या मांसावर चालतो, म्हणून शाकाहारी मंडळींनी स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घ्यावं आणि बाजारातून अक्रोड, भाज्या, रोकामादूरचं शेळीच्या दुधाचं चीज आणावं. जुलै-ऑगस्टमध्ये अशी घरं बहुधा शनिवार ते शनिवारच मिळतात. म्हणून त्या शनिवारी रस्ते तुंबतात. सरकारी ‘बिझाँ फ्युते’ सेवा दिवसांना हिरवा, नारिंगी, लाल, काळा असे रंग देते. काळ्या दिवशी मोटरवेला जाऊच नका. जमलं तर मे-जून किंवा सप्टेंबर निवडा.

सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी असतो. आदल्या रात्री जुन्या गावात गाडी लावताना पाट्या वाचा, नाहीतर सकाळी गाडी उचलून नेलेली असते. बेनाक, ला रोक-गाजाकसारख्या नदीकाठच्या गावांत गाडी बाहेरच्या पार्किंगला ठेवून चालत जायचं. मशीनला गाडीचा नंबर टाकावा लागतो, म्हणून नंबरप्लेटचा फोटो फोनमध्ये असू द्या. आदिमानवाच्या भित्तिचित्रांची लास्को गुहा १९४० मध्ये सापडली आणि १९६३ पासून पर्यटकांना बंद आहे. बघायची ती २०१६ मध्ये उघडलेली प्रतिकृती. तिची वेळ आधी आरक्षित करावी लागते.

इंधन सुपरमार्केटच्या पंपावर स्वस्त पडतं. गोलातला ई५ किंवा ई१० म्हणजे पेट्रोल, चौकोनातला बी७ म्हणजे डिझेल, ज्याला तिथे गाझोल म्हणतात. नळीच्या रंगावर भरवसा ठेवू नका, झाकणाच्या आतलं चिन्ह जुळवा. माणूस नसलेले पंप कार्डावर आधी मोठी रक्कम रोखून ठेवतात आणि परदेशी कार्ड नाकारतातही, म्हणून रविवारच्या आधी टाकी भरून घ्या. टोलनाक्यावर हिरव्या बाणाच्या रांगेत जा. नुसतं नारिंगी ‘टी’ असलेली रांग टॅगवाल्यांची, तिथे शिरलात की मागे रांग लागते आणि हॉर्न सुरू.

गाडी परत करताना टाकी भरून पावती जपा, चारही बाजूंचे, चाकांचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढा, आणि बारा ते दोनच्या मध्ये पोचू नका.