तुम्ही विचारलंत म्हणून: अजून पाचच का?

"अर्धं वर्ष सरलं, आणि मुलं अजून पाचाचेच भाग पाडतायत?" पालक विचारतात, वरच्या वर्गाचे शिक्षकही विचारतात. मी पहिलीला शिकवते.

हो, अजून पाचच. पाच बटणं मांडून मुलं त्यांचे दोन भाग करतात: चार आणि एक, तीन आणि दोन, आणि पाच आणि शून्यसुद्धा. शून्यापाशी हमखास वाद होतो. काहीच नाही तर तो भाग कसला, असं मुलं म्हणतात, आणि मला तो वाद आवडतो. पुढे आठात पाच मिळवताना आठाला दहा व्हायला दोन हवेत आणि पाचातून दोन काढले की तीन उरतात, हे दोन्ही हाताशी लागतं. ते नसेल तर मूल बोटं मोजतं किंवा पाठ केलेलं म्हणतं. वरच्या वर्गात "हातचा कुठून आला ते कळतच नाही" अशी तक्रार करणाऱ्यांनी तरी मला घाई करू नये.

एका पालकसभेत एका वडिलांनी मुलाला उभं केलं. "सात अधिक पाच?" "बारा," पोरगं ताडकन बोललं. "मग ही बटणं कशाला?" मी टेबलावर सात बटणं ठेवली. त्याने ती मोजली, सात म्हणाला. मग मी काही तळहाताखाली झाकली, तीन बाहेर राहिली. "हाताखाली किती?" त्याने बाहेरची तीन मोजली. माझ्या हाताकडे बघत राहिला. "आठ?" मग, "दोन?" वडील पुटपुटले, "अरे, सातातून तीन गेले!" "चार!" लगेच आलं. मी हात न उचलता बाहेरचं एक बटण आत सरकवलं. "आता?" त्याने वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याचे डोळे भरले. "तुम्ही त्याला मुद्दाम फसवताय," वडील म्हणाले.

फसवत नव्हते. भरसभेत त्याला उभं त्यांनी केलं होतं, मी नाही. पण बटण सरकवणारा हात माझा होता, आणि ते मूल नंतर बरेच दिवस बटणांचा डबा दिसला की मागे सरकायचं.

नोकरीच्या सुरुवातीला मीच म्हणायचे, सराव करून घ्या, समज मागून येते. काहींना येतेही, हे नाकारत नाही. कुणाला येईल ते मात्र पाठ केलेल्या उत्तरावरून ओळखता येत नाही. समजलेला बारा आणि घोकलेला बारा कानाला सारखेच लागतात. म्हणून सगळ्यांनाच बटणं. ज्यांना आधीच येतं ती कंटाळतात, तेही मला दिसतं.

पुढच्या आठवड्यात सहा घेतेय. दोघा-तिघांचा पाच अजून पक्का नाही. त्यांना थांबवायचं की सोबत न्यायचं, माझं ठरलेलं नाही.