फ्लो अपडेट ४: सिस्टिम बसली एकदाची!

रविवारी रात्री पावणेबाराला कॉम्प्युटरवर 'रायटिंग सिस्टिम'पुढे 'ओके' उमटलं. मग लक्षात आलं की जेवायचं राहिलंय. ओट्याशी उभ्यानेच गार आमटी-भात खाल्ला, एका हातात टॅब धरून.

नव्याने आलेल्यांसाठी दोन ओळी: २०१३ चा नेक्सस ७ टॅब, वायफायवाला, कोडनाव 'फ्लो'. टीडब्ल्यूआरपीत (बाहेरून टाकलेल्या रिकव्हरी प्रोग्राममध्ये) वाइप करताना मीच 'सिस्टिम'वरही टिक केली, बॅकअप न घेता. तेव्हापासून गाडी गूगलच्या लोगोवर अडकलेली. व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर धरलं की फास्टबूट (कॉम्प्युटरवरून टॅबवर थेट सॉफ्टवेअर लिहायचा मोड) मात्र यायचं, म्हणजे टॅबची वीट, कायमची निकामी वस्तू, झालेली नव्हती. बूटलोडर (टॅब चालू करणारा पहिला प्रोग्राम) अनलॉक करून रीबूट केल्यावर लॉक परत लागतंय का, हे तुम्ही बघायला सांगितलं होतंत. नाही लागत. म्हणजे ईएमएमसीवर, टॅबच्या आतल्या साठवणीच्या चिपवर, लिहिलेलं टिकतंय. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने टॅब न उघडताच "बोर्ड गेलाय" सांगितलं होतं, त्याच्याकडे आता मुद्दाम टॅब घेऊन जाणार आहे.

टॅबवर लिहायची इमेज (गूगलची अधिकृत सॉफ्टवेअर फाइल) पहिल्यापासून तीच, अँड्रॉइड ६.०.१ ची एमओबी३०एक्स. फ्लोला त्यापुढे अधिकृत काही मिळालंच नाही. बूट आणि रिकव्हरी चिमुकल्या, डोळ्याचं पातं लवेपर्यंत जायच्या. सिस्टिम निघाली की मध्येच 'डेटा ट्रान्सफर फेल्युअर', आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी. एकाच जागी अडली असती तर फाइलवर संशय घेतला असता, पण झिपचा एसएचए-२५६ (फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळायचा आकडा) दोनदा जुळवून झाला होता.

आधी विंडोजला शिव्या घातल्या. डिव्हाइस मॅनेजरमधलं पिवळं उद्गारचिन्ह घालवून ड्रायव्हर नीट बसवला, तरी तेच. मग उबंटू. तिथे आधी 'नो परमिशन्स', ते सुडोने (अ‍ॅडमिनचे अधिकार देऊन) मिटवलं, पुन्हा तेच. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी ३ पोर्टवरून मागच्या यूएसबी २ वर गेलो. थोडं पुढे सरकलं, पण मेलंच.

मग केबल. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या तीन केबल होत्या, मल्टिमीटर बीपवर ठेवून एकेक तपासली. एकीत डी प्लस, डी मायनस (डेटाच्या तारा) जोडलेलेच नाहीत, नुसती चार्जिंगची. ती सरळ कात्रीने कापली, परत हातात यायला नको. उरलेल्या दोन्ही शाबूत. म्हणजे केबलही नाही! इथे मी टॅब ड्रॉवरमध्ये टाकून दोन दिवस विषय बंद केला होता.

तिसऱ्या दिवशी एक सुचलं, जे आधीच सुचायला हवं होतं. सिस्टिम एका दमात न पाठवता 'फास्टबूट -एस १००एम' देऊन तुकडे पाडले, आणि शेजारच्या खिडकीत डीमेसेग (लिनक्सची हार्डवेअरची नोंदवही) चालू ठेवलं. दुसऱ्या तुकड्यात असताना चहाचा कप ठेवायला टॅब जरा सरकवला, आणि त्याच क्षणी ओळ आली: 'यूएसबी डिस्कनेक्ट'. पुन्हा लावलं, मुद्दाम हलवलं. पुन्हा डिस्कनेक्ट!

भिंग आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन पोर्टमध्ये पाहिलं, तर तळाशी राखाडी नमदा. वर्षानुवर्षं बॅगेत फिरलेल्या टॅबच्या पोर्टात कापसाचं बोंड दाबून बसलेलं, त्यामुळे प्लग अर्धा मिलिमीटर बाहेरच राहायचा. टॅब बंद करून लाकडी टूथपिकने कोरून काढलं (सुई नको, आतली जीभ नाजूक असते). मग केबल घातली तर 'टक्'. हा आवाज मी या टॅबवर पहिल्यांदाच ऐकला.

पुढचे सगळे तुकडे एकामागून एक ओके, ओके, ओके. मी स्क्रीनकडे बघत मांडीवर ठेका धरला होता.

एक गोष्ट मात्र आवर्जून. या भानगडीत मी गूगलच्या झिपमधली फ्लॅश-ऑल स्क्रिप्ट (सगळं एकदम लिहिणारी) थेट चालवली नाही हे नशीब. ती सगळ्यात आधी बूटलोडर लिहिते. माझा बूटलोडर आधीच ०४.०८ आहे, लिहायची गरजच नव्हती, आणि नेमका तिथे प्लग हलला असता तर हा लेख लिहायला फ्लो नसता. केबलची खात्री नसेल तर बूटलोडरच्या ओळी स्क्रिप्टमधून काढा आणि एकेक पार्टिशन (साठवणीचा वेगळा केलेला भाग) हाताने मारा. एका क्लिकवर सगळं करून देणारी टूलकिट मला याचसाठी आवडत नाहीत: कुठे अडलं ते सांगतच नाहीत. प्लॅटफॉर्म-टूल्सचा (गूगलच्या फास्टबूट वगैरे कमांडांच्या संचाचा) काळा पडदा बरा.

आता ठरलं होतं ते असं: स्टॉक ६.०.१ वर ठेवायचा आणि बाबांना पीडीएफ वाचायला द्यायचा. सात इंचांत १९२० बाय १२००, अक्षरं अजूनही सुरेख दिसतात. पण हे टाइप करताकरता टॅब 'ऑप्टिमायझिंग अ‍ॅप्स'मधून बाहेर आला, मी ब्राउझर उघडला, आणि निम्म्या साइट्स प्रमाणपत्राच्या नावाने बोंबलतायत. बाबा पहिल्याच दिवशी परत आणून देतील.

तेव्हा बदल. बाबांना पुढच्या महिन्यात. त्याआधी लिनिएजची (स्वयंसेवकांनी बनवलेल्या नव्या अँड्रॉइडची) 'फ्लॉक्स' बिल्ड, याच टॅबसाठीची. त्यासाठी रिपार्टिशन, म्हणजे साठवणीची नव्याने वाटणी, करावं लागतं, सिस्टिमची मूळ जागा पुरत नाही. पार्टिशन टेबलला हात लावायचा म्हणून पोटात गोळा येतोय, पण आता केबल 'टक्' करते आणि या वेळी बॅकअप आधी.

ज्यांनी रिपार्टिशन केलंय त्यांनी सांगा: चार्ज किती ठेवून सुरू केलंत? माझा ३८ टक्क्यांवर आहे, रात्रभर लावून ठेवतोय.