नाडीची चादर

मालिशच्या टेबलावर चादर कोणती घालावी, हा प्रश्न कोणाला विचारला की समोरचा आधी हसतो. "चादर ते चादर वो, त्यात काय पाह्यचं?" आमच्या जाऊबाईंचं मत तर असं, की तेलात माखायचंच आहे तर जुनं लुगडं फाडून अंथरावं. मी वाद घालत नाही. आपल्याकडे बाळंतिणीची मालिश पिढ्यान्‌पिढ्या जुन्या लुगड्यावरच झाली. पण ती घरच्या खोलीत, ओळखीच्या हातानं. परक्या ठिकाणी, उंच टेबलावर, पदर सोडून पालथं निजायचं म्हटलं की बाईची नजर आधी चादरीवर जाते. पाठ मोकळी करायची, की नुसतं गुडघ्याला तेल लावून घेऊन निघायचं, हे ती तिथंच ठरवते.

माझी मालिशची खोली यवतमाळ जिल्ह्यात, डांबरी रस्त्याला लागून, कृषी केंद्राच्या मागे. येणाऱ्या बहुतेक जणी शेतातल्या. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन वेचणी लागली की थोड्याच दिवसांत कमरा बोलायला लागतात. कमरेला ओटी, ओटीत कापूस, आणि सकाळपासून वाकलेली पाठ. अशा बाईपुढे पांढरीशुभ्र चादर अंथरली तर ती दारातच पाय पुसत उभी राहते. "माह्या आंगाची माती लागन न वो बाई!" म्हणून पांढरा बाद. शिवाय पांढऱ्या चादरीनं सरकारी दवाखाना आठवतो, नाहीतर त्याच्याही पुढचं काही.

मग लोक सांगतात, मरून घ्या, काळी घ्या, डाग दिसत नाहीत. डाग दिसत नाहीत हे अर्धंच खरं. गडद एकरंगी कापडावर तेलाचा ओघळ आणखी गडद उमटतो. आणि ती चादर धुतलेली आहे की कालचीच आहे, हे येणारीला कळायला मार्ग नाही. मला आवडते ती मधल्या रंगाची, बारीक बुट्ट्यांची. मोरपंखी, विटकरी, मेंदीचा हिरवा. बुट्ट्यांत डाग हरवतो आणि चादर सणाची वाटते. आपल्यासाठी कोणी जरा चांगलं अंथरलं आहे, एवढं त्या बाईला दिसलं पाहिजे; पण खराब होईल या धाकानं ती आकसून बसेल इतकं चांगलंही नको.

कापडाचं म्हणाल तर सुतीच. मायक्रोफायबर दुकानात हाताला गुळगुळीत लागतं, भावही कमी, पण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा त्यावर पालथं पडून दाखवा. खाली टेबलाचं रेग्झिन तापलेलं, वर हे. जाड सुताची खादी तेल छान पिते, मात्र पावसाळ्यात वाळता वाळत नाही. चांगल्या विणीचं मध्यम जाडीचं कापड मिळालं की झालं. आमच्या भोवती नजर पोचेल तिथवर पऱ्हाटी, नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल उभी राहिली ती याच कापसाच्या भरवशावर, आणि आज तालुक्याच्या दुकानातल्या चादरीच्या पाकिटावर गाव असतं पानिपत. असो. चादर मात्र चांगली असते.

खरी गोम मापात आहे. घडीचं मालिश टेबल साधारण २८ इंच रुंद आणि ७३ इंच लांब येतं. बाजारातली सिंगल चादर असते ६० बाय ९०. ती खाली खोचली तरी पाठीवर हात जोरानं वर गेला की गोळा होते, आणि नेमकी चुणी बरगडीखाली येते. निजलेलं माणूस काही बोलत नाही, फक्त अंग कडक करतं. मग मालिश कशाची करायची? म्हणून चादर शिवूनच घ्यावी. चारी बाजूंनी सहा-सहा इंच खाली वळेल असं धरलं तर ४० बाय ८५ लागतं; ४५ इंची पन्ह्यात ते आरामात बसतं. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, मगच कात्री. नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि कोपरे वर उचलतात.

मी इलास्टिक लावायला सांगत होते. आमच्या शिंपीकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "काहून जी? कढत पाणी आन् तेल, इलास्टिक किती दिवस पुरन? नेफा करून देतो, नाडी टाका." आणि खरंच, पायजम्याला असतो तसा नेफा त्यांनी चारी कडांना घातला, कोपऱ्यांना बारीक चुणी दिली, पायाच्या बाजूला काजं ठेवून नाडीची दोन टोकं बाहेर काढली. चादर चढवायची, नाडी आवळायची, टेबलाखाली सरगाठ मारायची. रुपया टाकला तर उडेल इतकी ताणून बसते. नाडी झिजली तर दुसरी ओवायची. काकांच्या वहीत माझ्या नावापुढे लिहिलेलं आहे: 'टेबलाचा परकर, १ नग.'

तोंड ठेवायच्या अर्धगोल उशीला वेगळी खोळ हवीच, आणि ती दर माणसाला नवी. अंगावर पांघरायला मात्र ती बाजारची ६० बाय ९० चालते. ऐसपैस असते, दोन्ही बाजूंनी अंगाखाली दबते, आणि ज्या भागाला तेल लावायचं तेवढाच उघडा करता येतो. मालिश म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं म्हणणारे गावात आहेतच. त्यांना मी सेवाग्राम दाखवते. कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींच्या अंगाला गांधीजी तिथं स्वतःच्या हातांनी मालिश करत.

राहता राहिलं धुणं. तिळाचं तेल त्याच दिवशी कढत पाण्यात सोडा टाकून भिजवलं तर निघतं. शिळं झालं की चादरीला खवट वास धरतो आणि मग तो सुटत नाही. जवसाच्या तेलाची तऱ्हा निराळी. ते हवेनं सुकून कापडावर चिकट थर धरतं. रंगात वापरतात ते याच गुणासाठी. त्याचे बोळे ढीग करून ठेवले तर आतल्या आत तापून पेटूही शकतात, म्हणून ते कापड लगेच धुवायचं, नाहीतर दोरीवर मोकळं पसरायचं. आमच्याकडे घरचं जवस घाण्यावरून काढून आणणाऱ्या आज्या पुष्कळ. त्यांच्यासाठी मी मांजरपाटाची एक साधी चादर वेगळी ठेवली आहे. ती अंथरायला घेतली की आजी बाटली खाली ठेवतात आणि म्हणतात, "हे नाई वो पोरी. ते बुट्ट्याची टाक."