हिवाळ्यातल्या रविवारी हरिहर: पायऱ्यांपेक्षा पार्किंगच अवघड

पहाटे नाशिकहून निघून त्र्यंबकेश्वर मागे टाकेपर्यंतच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते पायथ्याच्या निरगुडपाडा गावाच्या अलीकडे, हरिहर किल्ला समोर दिसत असताना, आम्ही रस्त्यावर ताटकळत राहिलो त्याबद्दल.

डिसेंबरात भातकापणी उरकलेली असते आणि रिकाम्या खाचरांत गावकरी गाड्या लावू देतात. त्याचे ते पैसे घेतात आणि ते रास्तच आहे, कारण चाकांखाली दबलेली जमीन पुढे त्यांनाच नांगरायची असते. तरीही मुंबई-पुण्याच्या आणि आपल्या नाशिकच्याही कित्येकांनी ते पैसे वाचवण्यासाठी अर्धी गाडी डांबरावर आणि अर्धी कडेच्या मातीत, अशा दोन्ही बाजूंना गाड्या लावून ठेवल्या होत्या. मूळचा अरुंद रस्ता, त्यात समोरून एक मिनीबस आली, आमच्यामागे जीपगाड्यांची रांग लागली आणि मागे सरकायला कोणीच तयार होईना. नुसते हॉर्न वाजत होते. अखेर गावातला एक तरुण स्वतःहून पुढे आला आणि त्याने रांगेच्या शेपटाकडून एकेक गाडी मागे घ्यायला लावली. आम्ही खाचरात उतरलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "काका, बांधाला चाक लावू नका." कुणाच्या तरी गाडीने बांधाचा एक दगड ढकलला होता, तो त्याने उचलून पुन्हा जागेवर बसवला. गाडी लावताना तोंड रस्त्याकडे ठेवावे, म्हणजे परतताना धसकटांतून मागे घेण्याची कसरत करावी लागत नाही.

माझा संताप केवळ वेळ गेला म्हणून नाही. गडाच्या ज्या पायऱ्यांच्या उभेपणाने इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज 1818 मध्ये थक्क झाला, त्या कातळात कोरलेल्या असून चढणारे आणि उतरणारे यांना तीच एक अरुंद वाट आहे. खाली अडकलेले सगळे एकदमच वर पोहोचतात, आणि नेमके तेव्हाच पहाटे चढलेले लोक उतरू लागतात. दोन्ही हातांची बोटे खोबण्यांत रुतवून, पाठीवर ऊन घेत खोळंबून राहणे धोक्याचे आहे, आणि त्या धोक्याचे मूळ खाली रस्त्यावर लावलेल्या गाड्यांत आहे. उतरताना तोंड कड्याकडेच ठेवावे, कोणी कितीही घाई केली तरी.

माथ्यावरून वैतरणेचा जलाशय आणि ब्रह्मगिरी स्वच्छ दिसले. हिवाळ्यात यावे ते यासाठीच.

शक्य असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. रविवारच पदरी असेल तर उजाडण्यापूर्वी पायथा गाठावा, सुटे पैसे आणि पुरेसे पाणी जवळ ठेवावे. त्र्यंबकच्या बाजूने हर्षेवाडीहूनही गडावर वाट जाते आणि ती चढायला सोपी आहे. मोठा गट असेल तर प्रत्येकाने स्वतंत्र गाडी न काढता त्र्यंबकहून एकच जीप ठरवावी.