गुंठा तोच, घराला उरतं किती?

कोल्हापुरात जागेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘किती गुंठे?’ 1 गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, हे पाठ असतं. पण चारी बाजूंनी पट्टा सोडल्यावर घराला काय उरतं, ते नुसत्या गुंठ्यावरून कळत नाही.

लांबी ल, रुंदी र, पट्टा प धरा. घराची जागा = (ल − 2प)(र − 2प). पट्टा दोन्ही अंगांना सुटतो, म्हणून 2प. 33 × 33 च्या प्लॉटात 3 फूट सोडायचे तर बरेच जण 30 × 30 = 900 करून मोकळे होतात. खरं उत्तर 27 × 27 = 729; जवळजवळ तिसरा हिस्सा पट्ट्यात गेला! आता 22 × 49.5 चा प्लॉट घ्या. तोही 1089च. सूत्रात आकडे घाला, पट्टा तोच 3 फूट: 16 × 43.5 = 696. प्लॉट जेवढा चिंचोळा, तेवढा पट्टा जास्त खातो. दर ठरवताना हे कुणी बोलत नाही.

कॅल्क्युलेटरवर कंस मात्र विसरू नका. मोबाइलवर 49.5 − 6 × 22 − 6 असं सलग दाबलं तर तो आधी गुणाकार करतो आणि उत्तर येतं −88.5. उणे जागेत कसलं घर?

पेव्हिंग ब्लॉकसाठी पट्ट्याचं क्षेत्रफळ हवं: 2प(ल + र) − 4प². इथं 6 × 71.5 − 36 = 393. चारही कोपरे दोनदा मोजले जातात, म्हणून 4प² वजा. मापं प्लॉटची नसून घराची असतील तर उलटं होतं. कोपरे मोजलेच जात नाहीत, म्हणून मिळवायचे: 6 × 59.5 + 36 = 393. दोन्हीकडून एकच आकडा आला की ऑर्डर द्या, वर तुटफुटीचे थोडे धरून.

2 फूट 6 इंच म्हणजे 2.5; 2.6 नव्हे. खाली 4 इंच मुरूम टाकायचा तर जाडी 1/3 फूट: 393 ÷ 3 = 131 घनफूट, म्हणजे 1.31 ब्रास (1 ब्रास = 100 घनफूट). जाडीच्या जागी 4 घातले तर 15.72 ब्रास, दारात डोंगर! धुम्मस मारल्यावर मुरूम दबतो, तेव्हा थोडा जादा सांगा.

हे सगळं प्लॉट काटकोनात असेल तरच. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या तरी दोन्ही कर्णांना टेप लावा. कर्ण जुळले नाहीत तर वरची सूत्रं चालणार नाहीत. एका कर्णावर दोन त्रिकोण पाडून क्षेत्रफळ काढावं लागेल.