सुरुवातीपासून 'डॉक्टर हू'

'डॉक्टर हू' सुरुवातीपासून बघायची म्हटलं की आधी साल तपासावं लागतं, कारण कालप्रवास करणाऱ्या 'डॉक्टर'च्या या ब्रिटिश मालिकेला 'पहिले सीझन' तीन आहेत: १९६३चा, मालिका नव्याने सुरू झाली तो २००५चा आणि पुन्हा आकडे एकपासून मोजायला घेतले तो २०२४चा. खरी सुरुवात २३ नोव्हेंबर १९६३ची, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशीची. साहजिकच लोकांचं लक्ष दुसरीकडे होतं, म्हणून पुढच्या शनिवारी बीबीसीने पहिला भाग पुन्हा दाखवला आणि मगच दुसरा लावला. गंमत अशी, की २०२३ साली मालिकेच्या साठीनिमित्त बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवर जुन्या भागांचा डोंगर आला, पण नेमकी ही पहिली कथा हक्कांच्या भानगडीत बाहेर राहिली.

दुसरी अडचण वेगाची. साठच्या दशकातला एक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा आणि एक कथा बहुधा चार ते सात भागांची. प्रत्येक भाग कुणालातरी संकटात अडकवून संपतो आणि पुढचा तेच संकट पुन्हा दाखवून सुरू होतो. आठवडाभराने बघणाऱ्यासाठी ही सोय होती. सहा भाग एका रात्रीत संपवायला गेलं, की मधल्या भागांतलं पकडलं जाणं, सुटणं आणि पुन्हा पकडलं जाणं उघडं पडतं. दिवसाला एक भाग, फार तर दोन. त्याहून जास्त बघून 'संथ आहे' म्हणणं हा मालिकेवर अन्याय आहे.

पहिल्या कथेचा पहिला भाग आजही झकास आहे. नंतरचे तीन, अश्मयुगातले, नेटाने काढावेत. कारण लगेच पुढे डालेक, म्हणजे धातूच्या कवचातले परग्रहावरचे शत्रू, येतात. त्या कथेचा पहिला भाग संपताना डालेक दिसतच नाही. धातूच्या भिंतींच्या कोंडीत सापडलेली डॉक्टरची सोबतीण बार्बरा, तिच्या रोखाने पुढे येणारा एक दांडा आणि तिची किंकाळी. दांड्याच्या टोकाला मोरी तुंबल्यावर वापरतात तसला रबरी प्लंजर आहे, हे दिसत असूनही धसका बसतो.

चुका दिसतील, आणि त्या मनापासून बघाव्यात. चित्रण जवळपास नाटकासारखं सलग व्हायचं. टेप कापून जोडणं महागाचं आणि किचकट, त्यामुळे छोट्या चुकीसाठी कुणी थांबत नसे. पहिल्या डॉक्टरचं काम करणारे विल्यम हार्टनेल 'किरणोत्सर्गावरची औषधं' म्हणायच्या ऐवजी 'हातमोजे' म्हणून जातात आणि तिथल्या तिथे सावरतात. १९६५च्या 'द वेब प्लॅनेट'मध्ये मुंगीसारखा एक झार्बी थेट कॅमेऱ्यावर आदळतो.

खरी कसोटी चौथ्या कथेपाशी. 'मार्को पोलो'च्या सातही भागांची चित्रफीत आज उपलब्ध नाही. टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतीही पुढे बऱ्याच नष्ट केल्या गेल्या. पहिल्या सहा सीझनमधले नव्वदहून अधिक भाग असे गेले. आवाज मात्र सगळ्यांचा शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षक घरी टीव्हीवरून तो ध्वनिमुद्रित करून ठेवत. अनेक भागांची पडद्यावरून टिपलेली छायाचित्रंही आहेत. अशा कथेचा सारांश आधी वाचून घ्यावा, मग आवाज आणि छायाचित्रं जोडून केलेली आवृत्ती लावावी. हाणामारीत नुसत्या आवाजावरून कोण कुणाला मारतंय ते कळत नाही, तिथे सारांश उपयोगी पडतो. काही कथांच्या अ‍ॅनिमेशन आवृत्त्या आहेत, त्या अधिक सोप्या.

बहुतेकांचा धीर सुटतो तो चौथ्या सीझनमध्ये. त्यातली एकही कथा पूर्ण उरलेली नाही, आणि डॉक्टर नवं शरीर धारण करतो, म्हणजे हार्टनेल जाऊन पॅट्रिक ट्राउटन येतात, तेही नेमकं त्यातच. चेहरा बदलतो तो भाग हरवलाय. बदलाचा तुकडा तेवढा 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात दाखवल्यामुळे वाचला. ट्राउटनची पहिली कथा, 'द पॉवर ऑफ द डालेक्स', अ‍ॅनिमेशनमध्येच बघावी. नवा डॉक्टर खरा की तोतया, हा सोबत्यांचा संशय कथेत छान वापरलेला आहे. सगळा सीझन झेपत नसेल, तर निदान हे दोन टप्पे गाळू नयेत.

१९७०मध्ये मालिका रंगीत झाली. तिथून पुढे प्रत्येक भागाचं चित्र शिल्लक आहे, आणि सारांशाचे कागद बाजूला ठेवता येतात.